अप्पांनी भरलेला टोमॅटो

बायकोचं मनगट मोडलं तेव्हा अप्पा घाबरले नाहीत. प्लास्टर घातलं तेव्हाही नाहीत. ती गप्प बसली, तेव्हा मात्र घाबरले.

स्वयंपाकघरातल्या जेवणाच्या टेबलामागची भिंत रिकामी होती. तिथे लावायला ती कित्येक महिने मॅटीच्या कापडावर क्रॉस स्टिचने भाज्या भरत होती. वांगं झालं होतं, गाजरं झाली होती, मक्याचे दाणे तर सोलून घ्यावेत असे जमले होते. टोमॅटो आणि मटार तेवढे राहिले होते. दवाखान्यातून आल्यावर तिने ते कापड डाव्या हाताने कसंबसं दुमडून कपाटात ठेवलं आणि म्हणाली, "राहू दे आता. बोटं वळतील तेव्हा वळतील."

तक्रार नाही, सुस्कारा नाही. इतक्या वर्षांच्या संसारात अप्पांनी तिला असं कधी पाहिलं नव्हतं.

तिची बहीण तिला विश्रांतीसाठी आपल्याकडे घेऊन गेली, आणि अप्पांनी ठरवलं की उरलेल्या भाज्या आपण भरायच्या. (ग्रंथालयाच्या नोकरीत त्यांनी जन्मभर फाटक्या पुस्तकांच्या पाठी शिवल्या होत्या. कापडावर फुल्या मारायला असं काय लागतं, असं त्यांना वाटलं.) दोऱ्याच्या लड्यांवरचे रंगांचे नंबर केव्हाच गळून गेले होते, पण टोमॅटोचा रंग कोणाला सांगावा लागतो?

पहिल्याच बैठकीत त्यांनी टोमॅटोबरोबर पायजम्याचा गुडघाही शिवून टाकला. तेवढ्यात बेल वाजली. उसवायला वेळ नव्हता, म्हणून ते सगळ्या भाज्यांसकट दाराशी गेले. शेजारच्या काकू लिंबू मागायला आल्या होत्या.

"हे काय बांधलंय गुडघ्याला?"

"भरतकाम आहे."

"पायजम्यावर?"

"नाही हो. हा टोमॅटो."

काकूंनी वाकून नीट पाहिलं. "पेरू नाही ना?"

"टोमॅटो."

"वेगळंच आहे काहीतरी," असं म्हणून काकू लिंबू न घेताच गेल्या. अप्पांना ती शाबासकी वाटली.

बोटांना भोकं पडली, मान आखडली, पण भाज्या पुऱ्या झाल्या. बायको परतली तेव्हा फ्रेम भिंतीवर होती आणि अप्पा फ्रेमखाली, बक्षीस समारंभाला उभं राहावं तसे उभे होते.

ती फ्रेमच्या अगदी जवळ गेली.

"टोमॅटो हिरवा का आहे?"

"लाल आहे."

"अहो, हिरवा आहे. आणि मटार तांबडे आहेत."

अप्पांनी चष्मा पुसून पाहिलं. टोमॅटो त्यांना टोमॅटोसारखाच दिसला. तिने दोऱ्यांच्या डब्यातून दोन लड्या काढून खिडकीपाशी धरल्या. "यातली लाल कुठली?" अप्पांनी छातीठोकपणे एक दाखवली. ती हिरवी निघाली. बायको हळूच खुर्चीत बसली.

"म्हणजे इतकी वर्षं तुम्ही कच्चे टोमॅटो आणत होता..."

"मला ते पिकलेले वाटायचे."

"आणि मला वाटायचं, मी तुम्हाला बाजारात पाठवू नये म्हणून मुद्दाम आणता. किती भांडले मी. तुम्ही बोलला का नाहीत?"

"काय बोलणार?" अप्पा खाली बघत म्हणाले. "मला वाटलं, तुझ्याच डोळ्यांत काहीतरी दोष आहे. तुला वाईट वाटेल म्हणून गप्प बसलो."

ती हसायला लागली. मनगट मोडल्यापासून पहिल्यांदाच, आणि इतकी की अप्पांना तिचं प्लास्टर सांभाळावं लागलं. टाके उसवून देतो म्हणाले, तर तिने फ्रेमला हात लावू दिला नाही.

तेव्हापासून भाजी ती निवडते आणि अप्पा पिशवी धरतात. फक्त बटाट्यांचं खातं तिने त्यांच्याकडे ठेवलं, कारण त्यात रंगाची भानगड नाही. अप्पांनी पहिल्याच खेपेला एकेक बटाटा हातात तोलून, दाबून, मनापासून निवडून आणला. तिने त्यातला एक उजेडात फिरवून पाहिला.

"अहो," ती मायेने म्हणाली, "एवढे हिरवे बटाटे मिळवायला किती दुकानं फिरलात?"