भिंतीकडं तोंड

पारू सिस्टरनं दवाखान्यातली नोकरी सोडली, बजाजनगरातल्या घराची पुढची खोली रिकामी केली आणि दारावर पाटी लावायला घेतली. 'बाळाला अंगावर पाजण्याचा सल्ला. सिस्टर पारूबाई.' रंगवता रंगवता पेंटर मधेच थांबला.

"बाई, हे बी शिकायला लागतं व्हय?"

"तू रंग मार," पारू म्हणाली.

आठवडे गेले, कुणी फिरकलं नाही. गल्लीतल्या बाया पाटीखालून जाताना पदर ओढून झपाझप जायच्या. त्या पायरीवर पाय ठेवला की अख्ख्या गल्लीला कळणार, हिचं दूध आटलं. त्यापेक्षा डब्यातली पावडर गपचूप बाटलीत कालवलेली बरी. दुसरं कारण कुणी तोंडानं बोलत नव्हतं. पाटीवर आडनाव नव्हतं. दवाखान्यात पांढऱ्या कपड्याला कुणी आडनाव विचारत नाही. पण ते विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस. भिंती घोषणांनी भरलेल्या, आणि जो तो दुसऱ्याचं आडनाव हुंगत फिरणारा. गल्लीनं पारूचं कधीच हुंगलं होतं.

नवरा बन्सी वाळूजला कंपनीत होता. तो जेवता जेवता म्हणाला, "ह्या म्हैन्यात एक तरी बाई आली तर ठीक. नायतर पाटी उतरवू. हेल्पर पोरं खोली मागायलीत."

पारूनं भाकर त्याच्या ताटात जरा जोरातच टाकली आणि दुसऱ्या दिवशी पैठणहून बहिणीच्या लेकीला, भामाला, बोलावून घेतलं. भामाच्या कडेवर प्रबुद्ध होता. नावासारखंच पोरगं वजनदार. मनगटाला वळ्या, मान कुठं ते शोधावं लागायचं.

"तू फक्त पायरीवर बसायचं," पारू म्हणाली. "कुणी इचारलं तर खोटं बोलायचं नाय."

"आन् खरं, मावशी?"

"थोडं थोडं."

भामा बसली. एक बाई थांबलीच. "काय खाऊ घालती गं ह्याला?"

"काय नाय. अंगावरचंच. मावशीनं शिकवलं कसं पाजायचं."

खरंच होतं ते. पण नळावर पोचेपर्यंत त्याचं झालं, सिस्टरनं हात लावला अन् पोरगं दुप्पट झालं. रेशनच्या रांगेत तर सिस्टर त्या गोष्टीतून गळूनच पडली. राहिलं इतकंच की त्या जाड्या पोराला आपलं पोर टेकवलं की आईला दूध येतं.

दुसऱ्या दिवशी बंद होता. कंपनीच्या बस निघाल्या नव्हत्या, नवरे घरात लोळत होते, सकाळचे डबे करायचे नव्हते, त्यामुळं बाया मोकळ्या. सकाळीच दारात आक्काबाई उभी राहिली. शेंद्र्याकडची, मेंढरं राखणाऱ्या घरातली दणकट म्हातारी. मागं सून म्हाळसा, सुनेच्या खांद्यावर काटकुळा नातू. आणि त्यांच्या मागं गल्लीभर लेकुरवाळ्या.

"टेकवा," आक्काबाई म्हणाली.

"काय टेकवू?"

"पोराला पोर."

"असं नसतंय हो. सुनेला इथं बसू द्या. पोर कसं धरतंय ते मला आधी बघू द्या."

"बघायचं? पाजताना?" आक्काबाईनं सुनेचा पदर आणखी खाली ओढला. "दृष्ट लागंल! आमच्यात नवऱ्याला बी दिसू देत नाय."

"मग सल्ला कसा देऊ?"

"पदरावरून द्या."

तोवर मागच्या बायांनी सल्ल्याची वाट न पाहता काम उरकायला घेतलं. एकीनं पोर टेकवलं, आक्काबाईनं नातवाचं नाकच घासलं, तिसरीनं जास्त गुण यावा म्हणून प्रबुद्धचा गालच ओढून स्वतःच्या पोराला लावला. ज्या बायांना पारूच्या घरचं पाणी चाललं नसतं, त्या तिच्या नातवाची लाळ आपल्या पोराच्या कपाळाला लावत होत्या. प्रबुद्धनं आधी डोळे मोठे केले. मग ओठ काढला. मग असं भोकाड पसरलं की घडवंचीवरची भांडी थरथरली.

भामानं त्याला पदराखाली घेतलं. तो तोंड फिरवू लागला. या बाजूनं, त्या बाजूनं, काही केल्या घेईना.

"मावशी, हा तोंडच लावंना गं!"

"लागली दृष्ट," आक्काबाई म्हणाली.

"कुणी लावली? तूच लावली, म्हातारे!" भामा उसळली. "तुझ्या नातवाचं नाक माझ्या पोराला पुसलंस!"

"आगं जा! दूध तुझं पळालं, अन् नाक आमचं काढती!"

दारातून बन्सीनं डोकावून पाहिलं. सिस्टरच्या घरातलंच पोर उपाशी रडतंय, हे आता बाटलीवाल्या सगळ्या बायांनी पाहिलं होतं. पाटी संध्याकाळपर्यंत टिकत नव्हती. आणि मग पारूच्या तोंडून वॉर्डातला आवाज निघाला, जो ऐकून बाळंतिणीला भेटायला आलेले जावई पळायचे.

"समद्या भिंतीकडं तोंड करा!"

समद्या फिरल्या. आक्काबाईसुद्धा. बाहेर बन्सीही मुकाट समोरच्या घराच्या भिंतीकडं वळला.

"बोलायचं नाय. खोकायचं बी नाय." पारूनं भामाची पाठ टेकवली, पोराचं पोट तिच्या पोटाला लावलं. "खांदे सोड, बाळा. इथं कुणी नाय. तू हायस अन् हा हाय."

प्रबुद्ध आणखी जरा रडला. मग हुंदका. मग पुटपुट. आणि मग त्या शांततेत विहिरीत पोहरा बुडावा तसा आवाज आला. गुटुक. गुटुक. गुटुक.

भिंतीकडून कुणीतरी श्वास ओढला.

"अगं बया," म्हाळसा पुटपुटली. "आत्याबाई, माझी चोळी ओली झाली."

"गप. घाम आसंल."

"माझी बी," पलीकडून आवाज आला.

"आन् माझी बी! मी तर डबा चालू केलाय!"

पारू बघतच राहिली. लेकरू रडलं की आईला पान्हा फुटतो, हे तिला ठाऊक होतं. वॉर्डात एकेकीचं पाहिलंही होतं. पण एका लेकराच्या रडण्यानं भिंतीकडं तोंड केलेली अख्खी रांग पाझरावी, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिनं खुंटीवरचा टॉवेल ओढला, पण तो कुणाला द्यायचा तेच सुचेना.

आक्काबाई वळली. तिनं सुनेची चोळी पाहिली, नातवाकडं पाहिलं. मग खाली मांडी घालून बसली, म्हाळसाला हाताला धरून शेजारी बसवलं, पोर तिच्या मांडीवर दिलं आणि स्वतःच्या हातानं सुनेचा पदर बाजूला केला.

"बघा सिस्टर," ती हळू आवाजात म्हणाली. "नीट धरलंय का सांगा."

पारू वाकली. "खालचा ओठ बाहेर काढा. हां. आता बघा."

मागच्या बाया आपोआप रांगेत बसल्या. पारू एकीकडून दुसरीकडं सरकत होती, आणि आक्काबाई पुन्हा भिंतीकडं वळली. कुणी बघत नाही अशी खात्री करून तिनं हळूच स्वतःची चोळी चाचपली. ती ओली होती.

तिचा धाकटा लेक तेव्हा कंपनीत वेल्डर होता, आणि त्याला झुपकेदार मिशा होत्या.