अद्ययावत उमेदवार

संगणक कामासाठी असतो, हा गैरसमज सुशिक्षित घरांतून आता जवळजवळ नाहीसा झाला आहे. भाषांतरकाराच्या घरातून तर तो समूळ गेला होता. त्याच्या लॅपटॉपवर विंडोजच्या जागी लिनक्स होते, तेही रोलिंग. म्हणजे रोज नवे सुटे भाग येणार आणि रोज काहीतरी सुधारणार. (काय सुधारले, हे ते बिघडल्यावर कळते.) पलीकडच्या खोलीत त्याचे सासरे, निवृत्त भूमापक. त्यांचे लिनक्स स्टेबल. म्हणजे एकदा बसवले की वर्षानुवर्षे कोणी बोट लावायचे नाही. सात वर्षांत त्यांच्या पडद्यावर काडीचा बदल झाला नव्हता, आणि या गोष्टीचा त्यांना मुलीच्या पदवीपेक्षा जास्त अभिमान होता. घरातले बासष्ट टक्के संभाषण या एका विषयावर होई. उरलेल्यात "जेवायला या" धरावे.

त्या दिवशी अकरा वाजता भाषांतरकाराची व्हिडिओवर मुलाखत होती. कायमची नोकरी, आणि दोन वर्षांत आलेले हे पहिलेच बोलावणे. बायको रजा टाकून घरी थांबली होती.

दहा वीसला त्याने अपडेट सोडला. मोठ्या माणसांसमोर कालच्या आवृत्तीनिशी जाणे बरे दिसत नाही.

"आत्ता?" बायको किंचाळलीच.

"अगं, ऐन वेळी काही अडू नये म्हणून तर!"

(याला इतर लोक हात दाखवून अवलक्षण म्हणतात. या क्षेत्रात देखभाल म्हणतात.) चारशे अकरा भाग नवेकोरे झाले. कॅमेरा तेवढा गेला.

"या जावईबापू," सासरे प्रसन्न होऊन म्हणाले. "आमचं कधी बंद पडत नाही."

ते शब्दशः खरे होते. संगणक सुरू झाला, कॅमेरा सुरू झाला. मुलाखतीच्या पानाने मात्र नम्रपणे कळवले की इतक्या जुन्या ब्राउझरला आत घेता येत नाही.

"पानच चुकीचं आहे," सासऱ्यांनी निर्णय दिला.

अकराला दोन मिनिटे कमी होती. बायकोच्या डोळ्यांत पाणी आले. तिने आपला फोन साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला. "बस इथे. आणि लिनक्सचं नाव काढलंस तर बघ!"

मुलाखत झकास चालली. उठता उठता अध्यक्षबाईंनी सहज विचारले, "घरून काम करावं लागेल. संगणक कोणता वापरता?"

तो अठरा मिनिटे बोलला. अकराव्या मिनिटाला सासऱ्यांनी मागून हरकत घेतली. ती कॅमेऱ्यात स्पष्ट दिसली.

नोकरी दुसऱ्याच एका तरुणीला मिळाली. त्याच प्रश्नावर ती म्हणे म्हणाली होती, "जो सुरू होतो तो." बायकोला फार लागले, दोन दिवस ती कोणाशी बोलली नाही. त्या शांततेत जावई-सासऱ्यांचे आयुष्यात प्रथमच एकमत झाले, की दोष फोनचा.

त्या बायकोबद्दल तुम्हाला वाईट वाटले असेलच, वाचकहो. पण खरे सांगा, ते वाटण्याच्या आधी, दोघांपैकी बरोबर कोणाचे, हे तुम्ही मनात ठरवून मोकळे झाला होतात ना?