अकाउंटंटबाईंची तोंडी परीक्षा

माणूस आपलं दुखणं डॉक्टरला सांगतो, भांडण वकिलाला सांगतो आणि सासरचा जाच वाटेल त्याला सांगतो. उत्पन्न मात्र तो कुणालाच सांगत नाही. सुधारलेल्या समाजाची हीच पहिली खूण होय. या कसोटीवर ते गाव चांगलंच सुधारलेलं होतं.

गावात छोटे धंदे भरपूर. वेल्डर, शिंपी, अंडीवाला, मंडपवाला, केस कापणारे दोघे (ते एकमेकांचे कापत नाहीत). पाहणी केली तर शंभर टक्के धंदे तोट्यात निघाले असते. तोट्यातूनच अंडीवाल्याने वरचा मजला चढवला. शिंप्याला तर एक वर्ष इतकं वाईट गेलं की त्याला चारचाकी घ्यावी लागली.

गिरणीवाल्या वहिनींचाही तोटा उत्तम चालला होता. पण गिरणीची मोटर म्हातारी झाली. दळण निम्म्यावर आलं की ती खोकायची, मग गप्प व्हायची, आणि बायका अर्धे भरलेले डबे उचलून शेजारच्या गावातल्या नव्या चक्कीची वाट धरायच्या. वहिनींनाही नवी चक्की घेणं भाग होतं, नाहीतर गिरणीला कुलूप. चक्कीला कर्ज हवं, आणि कर्जाला अकाउंटंटच्या सहीचे हिशेब.

"बाई, धंदा तोट्यात म्हणता, मग हप्ते कशातून भरणार?" बँकेच्या साहेबांनी विचारलं. वहिनींना प्रश्न समजला. पण इतकी खासगी गोष्ट परका माणूस तोंडावर विचारतो, याचं त्यांना वाईट वाटलं.

गावाचा जुना अकाउंटंट नुकताच मुलीकडे, दोन बस बदलून जावं लागेल अशा शहरात राहायला गेला होता. माणूस बोलका. त्याच्याकडे चहाला बसलं की निम्म्या गावाचा नफा कानावर यायचा. (आपला स्वतःचा यायचा नाही; तो उरलेलं निम्मं गाव ऐकून यायचं.) त्यामुळे सगळे त्याला शिव्या द्यायचे आणि सगळे त्याच्याकडेच जायचे.

नव्या अकाउंटंटबद्दल गावाच्या अपेक्षा माफक होत्या. तो चांगला माहितीतला असावा, मात्र त्याला आपली काही माहिती नसावी. त्याने बँकेसाठी एक, सरकारसाठी एक आणि सोयरिकीसाठी एक असे तीन आकडे काढावेत, व तिन्ही खरे असावेत. फी त्याने नातेवाइकासारखी घ्यावी, म्हणजे घेऊ नये.

अशात शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत एक अकाउंटंटबाई आल्या. एक टेबल, दोन खुर्च्या, कुलपाचं कपाट. कुणाला दिसू नये म्हणून सगळं गाव मागच्या जिन्याने चढू लागलं, आणि तिथे एवढी गर्दी झाली की उतरणाऱ्यांना चढणाऱ्यांची ख्यालीखुशाली विचारावी लागे. वहिनी पुढच्या जिन्याने गेल्या. त्यांना कुणीच पाहिलं नाही.

आता, माणसाचं तोंड तपासायची गावाची एक जुनी रीत होती: आपलं सांगण्याआधी शेजाऱ्याचं विचारायचं. समोरच्याने सांगितलं, तर तो विश्वासाला नालायक; त्याच्याकडे वरचेवर जावं. नाही सांगितलं तर काय करायचं, याचा नियम नव्हता, कारण तशी वेळ कधी आली नव्हती.

"आमच्या भावजींचं वेल्डिंग कसं चाललंय हो?" वहिनींनी खुर्चीत टेकत विचारलं. "घरचंच म्हणून विचारते. आमची मधली भिंत एकच आहे."

"मग त्यांनाच विचारा की."

"त्यांनी खरं सांगितलं असतं तर जिना कशाला चढले असते?"

"बरं. ते आले तर तुमचं सांगू त्यांना?"

"अगं बाई! माझं कशाला?"

"मग पावत्या काढा," बाई म्हणाल्या.

संध्याकाळी वेल्डर भावजी गिरणीत आले. "वहिनी, ती बाई काही कामाची नाही. मी मुद्दाम तुमचं विचारून बघितलं."

"माझं?"

"परीक्षा म्हणून हो! तर एक शब्द नाही. तिला काही येतच नसणार."

"तुमचंही नाही सांगितलं तिने."

"माझं? माझं कुणी विचारलं?"

वहिनींनी मोटर चालू केली. त्या दिवशी ती सलग चालली.

गावाचा निकाल एकमताने लागला: बाई नापास. पुन्हा बोलक्याकडेच जायचं, दोन बस बदलून, सगळ्यांनी मिळून. "तुमचीही जागा धरतो," भावजी म्हणाले. वहिनींनी पिशवी भरलीसुद्धा. पण कडी लावताना त्यांच्या मनात आलं, की जाताना आपला आकडा आपल्यापाशीच असेल, येताना मात्र तो बसभर असेल. त्यांनी कडी काढली, पिशवीतल्या पावत्या तेवढ्या घेतल्या आणि पुढच्या जिन्याने बाईंकडे गेल्या.

बाईंनी हिशेब जुळवला, आणि वहिनींना धक्का बसला. धंदा नफ्यात होता. तोही आजचा नाही, बरीच वर्षं. अशी गोष्ट आपल्याच घरात घडावी आणि आपल्याला पत्ता नसावा, हे न पटून त्यांनी बाईंना बेरीज पुन्हा करायला लावली.

"आता लोकांना काय सांगू?"

"काही नाही. मीही काही सांगत नाही."

कर्ज मंजूर झालं. नवी चक्की आली, डबे परत आले, आणि गावाची झोप गेली. मंजूर झालं म्हणजे नफा दाखवला. दाखवला म्हणजे होता. होता तर किती? भावजींनी मधल्या भिंतीजवळ खाट ओढली. अंडीवाला रोज पाव किलोचंच दळण आणू लागला. बोलक्याकडे सगळ्यांचे आकडे मिळत होते, फक्त हा एक मिळत नव्हता, त्यामुळे बाकीच्यांची चवच गेली.

आकडा इथेही दिलेला नाही. नफ्याचा उल्लेख आल्यापासून आपण तो शोधत इथवर आला असाल, तर निराश होऊ नका. पुढच्या बसमध्ये भावजींनी आपल्यासाठी जागा धरली आहे. तिकडे चहा चांगला मिळतो. फक्त बसताना आपला धंदा काय, हे सांगावं लागतं.