मौनाची हजेरी

वर्तकनगरच्या ख्रिस्ती मंडळीत देवाशी बोलणारे पुष्कळ होते, देवाचं ऐकणारा मात्र कोणी नव्हता. ही गंभीर बाब चिटणीस मनोहर आढाव यांच्या निदर्शनास आली, तेव्हा ते लोणावळ्याच्या एका शिबिराहून नुकतेच परतले होते. तिथं त्यांनी मौन प्रार्थना केली होती. डोळे मिटायचे, काही मागायचं नाही, काही सांगायचं नाही, देवासमोर नुसतं बसायचं. परत आल्यापासून आढाव या मौनाविषयी जे बोलायला लागले ते थांबेनात. उपासनेनंतर बोलले, भाजीवाल्यापाशी बोलले, आणि पंचकमिटीत तर इतके बोलले की कमिटीनं ठराव मंजूर करून टाकला, निदान चहा तरी गरम मिळावा म्हणून.

ठराव असा होता: ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात दर शुक्रवारी सायंकाळी सामुदायिक मौन प्रार्थना होईल, आणि मौनास बाधक ठरणारे टाळ, चिपळ्या, पेटी, तबला इत्यादी तूर्त स्थगित राहतील.

त्या ‘इत्यादी’त त्र्यंबकबुवा पाटोळे होते.

बुवा दिवसा रंगाच्या कारखान्यात नोकरी करत आणि वर्षभर ईस्टरच्या आठवडाभर आधी येणाऱ्या झावळ्यांच्या रविवारची वाट पाहत. त्या संध्याकाळी त्यांचं कीर्तन असे. आधी नगरकडे त्यांचे वडील करायचे, मग ठाण्यात बुवा. यंदा त्यांनी नवं आख्यान बसवलं होतं. देवाचा शब्द ऐकायला डोंगरावर गेलेल्या संदेष्ट्याचं. वादळ येतं, त्यात देव नाही. धरणीकंप होतो, आग लागते, त्यांतही नाही. आणि मग श्वासाइतका हलका आवाज. त्या आवाजासाठी बुवांनी कीर्तनात एक जागा ठेवली होती, जिथं चिपळ्या, पेटी, तबला सगळं एकदम थांबणार होतं. तबल्यावरचा धाकू मात्र नाराज होता. धाकू कळव्याच्या कोळीवाड्यातला, घरी आई एकवीरेला मानणारा, पण बुवांच्या साऱ्या साक्या-दिंड्या त्याला पाठ.

“बुवा, तबला थांबला का लोकांना वाटतं लाईट गेली,” तो म्हणायचा.

ठराव कळताच बुवा आढावांच्या घरी गेले.

“आढावसाहेब, अहो माझं यंदाचं कीर्तन शांततेवरच आहे.”

“किती वेळ?”

“अडीच तास. उत्तररंग रंगला तर तीन.”

आढावांनी सहानुभूतीनं चष्मा पुसला. “बुवा, तुमच्याविषयी आदर आहे. पण नियमात एकच सवलत आहे. मौन प्रार्थनेत प्रावीण्य मिळवणाऱ्या सभासदास कार्यक्रमाची परवानगी देता येईल.”

“प्रावीण्य मोजणार कसं?”

“तेच आता ठरवायचं आहे.”

धाकूला हे कळल्यावर तो मांडीवर थाप मारून हसला. “तुमी गप बसणार? आवं, खाडीला सांगा का भरती आणू नको!”

पहिल्या शुक्रवारी सगळे डोळे मिटून बसले. शांतता पसरली आणि थोड्याच वेळात तिसऱ्या बाकावरून मंजुळाकाकूंचं घोरणं ऐकू आलं. त्यातून तात्त्विक पेच उभा राहिला. प्रार्थनेत असलेला मनुष्य आणि झोपलेला मनुष्य बाहेरून तंतोतंत सारखेच दिसतात.

पाळकसाहेब सौम्य माणूस. ते म्हणाले, “देवाला फरक कळत असेल की.”

“देवाला कळेल हो साहेब,” आढाव म्हणाले, “पण कमिटीला कसा कळणार?”

म्हणून पुढच्या शुक्रवारपासून घंटा आली. घंटा वाजली की प्रार्थनेत असलेल्यानं उजवा हात वर करायचा. जो करणार नाही तो झोपला, असं समजण्यात येईल. घंटा वाजवायला मंडळीतला तानाजी नेमला. त्याला घड्याळाकडे पाहावं लागे आणि प्रार्थना बुडे, म्हणून त्याला शनिवारी भरपाई मौन मंजूर झालं. वर झालेले हात पाहायला आढाव स्वतः मौन निरीक्षक झाले आणि कुणी झोपेत हात तर वर केला नाही ना, हे पाहत चपला करकरवीत बाकांमधून फिरू लागले. शांततेचं महत्त्व मागच्या बाकांपर्यंत पोहोचावं म्हणून कर्णा लावला. “मौन सुरू होत आहे. सर्वांनी मौनाचा लाभ घ्यावा. फाटकात कुणाची लूना आहे, ती काढावी. मौन चालू आहे.”

घंटा चुकेल या धास्तीनं मंडळी आता फक्त घंटेचीच वाट पाहू लागली. काहीजण आधीच हात वर करून बसत. मंजुळाकाकूंना झोपेतही हातपंख्यानं वारा घ्यायची सवय. त्यांचा हात खाली यायचाच नाही, त्यामुळे त्यांना प्रथम श्रेणी मिळाली. इतक्यात कळव्याच्या मंडळीनं दोन घंटांचं मौन सुरू केल्याची बातमी आली. वर्तकनगरनं ताबडतोब तीन केल्या.

बुवांची प्रगती उत्तम होती. कीर्तनकाराचा कान! घंटा पडायची आणि हात अचूक समेवर वर जायचा. मनात मात्र कीर्तन अखंड चालू असे.

“आज काय केलंत मौनात?” घरी शालनबाई ताट वाढताना विचारत.

“पूर्वरंग संपवला,” बुवा समाधानानं सांगत.

झावळ्यांच्या रविवारआधीच्या शेवटच्या शुक्रवारी निकाल लागायचा होता. बुवा खांबाजवळच्या बाकावर बसले, डोळे मिटले आणि सवयीनं मनात आख्यान लावलं. वादळ गेलं. धरणीकंप गेला. आग विझली. ती जागा आली. मनातल्या चिपळ्या थांबल्या, मनातल्या धाकूनं कुरकुर न करता हात उचलला, आणि बुवा पुढच्या ओळीची वाट पाहू लागले.

ओळ आली नाही. आणि नवल म्हणजे, ती यावीशीही त्यांना वाटेना. लहानपणी नगरला वडिलांबरोबर ते ओट्यावर बसायचे. वडील बोलायचे नाहीत, बुवाही बोलायचे नाहीत, आणि तरी कुणाला उठावंसं वाटायचं नाही. तसंच झालं. कुणीतरी शेजारी बसलं होतं, बस्स.

तिन्ही घंटा वाजून गेल्या.

“बुवा! झोपलात?” आढावांनी खांदा हलवला.

“नाही हो.”

“मग हात?”

“कसला हात?” बुवांनी डोळे उघडले. ते ओले होते. आढावांनी वाकून निरखलं आणि “जांभईचं पाणी” असा निर्णय दिला.

लगेच तिथंच सभा भरली. बुवा उभे राहिले. “मी झोपलो नव्हतो. पण घंटा ऐकू आली नाही, हे खरं.”

पाळकसाहेब खाकरले. “आढाव, घंटासुद्धा ऐकू येऊ नये इतकी शांतता... आपण हे सगळं त्यासाठीच सुरू केलं होतं ना?”

“साहेब, आज यांना माफ केलं तर उद्या जो तो असाच हरवायला लागेल. मग मंडळी चालवायची कशी?” आढाव सभेकडे वळले. “तरी अन्याय नको. मौन चालू असताना त्र्यंबकबुवांनी हात वर केला नाही, हे प्रत्यक्ष पाहिलेल्यांनी हात वर करावेत.”

हात वर झाले. पुढच्या बाकाचे झाले, मागच्या बाकाचे झाले, गायनमंडळाचे झाले. तानाजीनं दोन्ही केले. पाळकसाहेबांचा हात कानापर्यंत गेला आणि तिथंच खाजवू लागला. बायकांच्या बाजूला शालनबाईंचाही हात वर होता.

“अगं, तुझाही?”

“अहो, मी तुमच्यावरच लक्ष ठेवून होते. बाकावरून पडाल-बिडाल म्हणून.”

मंजुळाकाकू झोपल्या होत्या, तरी त्यांचा पंख्याचा हात वरच होता. हात खाली राहिला तो एकट्या बुवांचा. त्यांनी काहीच पाहिलं नव्हतं. कीर्तनाची परवानगी प्रचंड बहुमतानं नाकारण्यात आली. डोळे मिटून प्रार्थनेत असलेल्या इतक्या साक्षीदारांना हे दिसलं कसं, हा उपप्रश्न कार्यक्रमपत्रिकेवर नव्हता.

बाहेर पायरीवर धाकू तबला मांडीशी घेऊन बसला होता. “काय झाला, बुवा?”

“नापास.”

“मंग कीर्तन?”

“नाही.”

“आवं, आणि ती थांबायची जागा? आता कुठं बसली माझ्या हातात.”

बुवा त्याच्या शेजारी टेकले. “ती झाली रे धाकू. मघाशीच झाली.”

धाकूनं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. मग तबल्याची खोळ सोडू लागला होता, ती तशीच राहू दिली. आतून कर्ण्यावर आढावांचं आभाराचं भाषण चालू होतं. दोघांपैकी कुणालाच उठावंसं वाटेना.

झावळ्यांच्या रविवारी कीर्तनाच्या वेळेत मौन प्रार्थनेचा सांगता समारंभ झाला. सात भाषणं झाली. मंजुळाकाकूंना ढाल देण्यात आली. ती घ्यायला त्यांना उठवावं लागलं. भाषणं लांबल्यामुळे प्रत्यक्ष मौन वेळेअभावी रद्द करण्यात आलं.

वाचकहो, तुम्ही हसलात. साहजिक आहे. आपण त्या बाकावर असतो तर डोळे मिटलेलेच ठेवले असते, असं तुमच्यापैकी ज्यांना वाटतं त्यांनी कृपया हात वर करावा.

अवश्य करा. मोजायला आम्ही बसलोच आहोत, डोळे मिटून.