टेकडीवर चढलेला पूर

"जावईबापू, पोहता येतं का तुम्हाला?"

सकाळच्या चहाचा पहिला घोट घशाखाली उतरायच्या आत सासऱ्यांचा हा प्रश्न फोनमधून आला आणि इंजिनियरला ठसका लागला. तो नगरपालिकेच्या पूर-जोखीम कक्षात नोकरीला होता आणि त्याला पोहता येत नव्हते. ही गोष्ट त्याने ऑफिसात कुणालाही कळू दिली नव्हती.

"नाही येत, बाबा. का हो?"

"शिकून घ्या. आमच्या बैठकीत छातीइतकं पाणी येणारे. तुमच्याच ऑफिसानं भिंतीवर लिहून दिलंय."

एवढे बोलून सासऱ्यांनी फोन ठेवला.

सासरे निवृत्त विमा एजंट. आग, पूर, अपघात यांची भीती घालून त्यांनी अर्ध्या गावाला विमा विकला होता, पण स्वतः आयुष्यात कशाला म्हणून भ्याले नव्हते. नदीकाठच्या गल्लीतल्या त्यांच्या घरात अलीकडे दर पावसाळ्यात पाणी उंबऱ्याला लागून जाई, आणि हे पायरीवर बसून पाणी किती चढले ते शेजाऱ्यांना ओरडून सांगत. जावयाने नकाशे दाखवले. हवामान बदलत चाललेय, महिन्याचा पाऊस एका रात्रीत कोसळतोय, पुढच्या काळात ही गल्ली बुडणार, हे परोपरीने समजावले. सासऱ्यांवर ढिम्म परिणाम झाला नाही. शेवटी मुलगी रडली, सासूबाईंनी अबोला धरला आणि जावई म्हणाला, "बाबा, टेकडीवर घर घ्या. तिथं थेंबभर पाणी यायचं नाही. माझा शब्द आहे." तेव्हा कुठे जुन्या घराला कुलूप लावून म्हातारा-म्हातारी टेकडीवर राहायला गेली. त्याला दोनच दिवस झाले होते.

इंजिनियरने स्कूटर काढली आणि टेकडीच्या चढाला लागताच त्याला ती दिसली. निळीशार, तळहाताएवढ्या रुंदीची रेघ. ती डाव्या बाजूच्या भिंतीवरून चढावर त्याच्यासोबत चालली होती. रस्ता वळला की तीही वळत होती, पायऱ्या आल्या की पायरी-पायरीने चढत होती, आणि दर दहा पावलांवर लिहिले होते, 'पूररेषा. पाणी येथपर्यंत.' सगळ्यात वर, गावाला पाणी पुरवणाऱ्या टाकीलासुद्धा पेंटरने बाहेरून छातीएवढ्या उंचीवर एक फेरा मारला होता.

इंजिनियरच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

भानगड अशी होती. टेकडीवरून धो धो खाली येणारे पावसाचे पाणी वरच्या क्लबच्या मैदानात अडवायचे आणि हळूहळू सोडायचे, म्हणजे खालची वस्ती वाचेल, अशी साठवण तलावाची योजना कक्षाने केली होती. पर्यावरण समितीच्या अध्यक्षबाईंनी अट घातली, की जनसुनावणीच्या आधी लोकांना धोका नीट कळला पाहिजे. "नकाशे कुणाला कळतात? भिंतीवर रेघ मारून दाखवा." खालच्या चौकातून जाणारा सपाट रस्ता छातीइतक्या पाण्यात जाणार, असे गणित निघाले होते. म्हणून पेंटरला तेवढ्या मापाची एक काठी तोडून दिली. काठी जमिनीला टेकव, टोकाशी रेघ मार, की झाले.

पेंटरने फोन करून विचारले, "साहेब, कुठवर मारू?" त्या क्षणी इंजिनियर सासऱ्यांच्या नव्या घराच्या जिन्यात, डोक्यावर लोखंडी कपाट घेऊन अडकला होता. कपाट वर जात नव्हते, खाली येत नव्हते आणि सासरे खालून सूचना देत होते. तो घुसमटत ओरडला, "मार रे बाबा रस्ता संपेपर्यंत!"

पेंटर सरळ माणूस. चौकातला तोच रस्ता पुढे टेकडी चढून टाकीपाशी संपत होता. तो टाकीपर्यंत गेला.

सासऱ्यांच्या घरात पाऊल ठेवले तर जमिनीवर एकही वस्तू नव्हती. खोकी कपाटावर, गाद्या माळ्यावर, गॅसची शेगडी खिडकीच्या कट्ट्यावर. सासूबाई स्टुलावर उभ्या राहून भाजी परतत होत्या. सासऱ्यांनी बाहेरची रेघ पाहून खडूने तशीच एक रेघ आतल्या भिंतींवरही ओढली होती.

"या. रेघेच्या वर जेवढं मावतं तेवढंच घर आमचं," सासरे म्हणाले.

"बाबा, चुकून झालंय हो! पाणी कधी डोंगर चढतं का?"

"मला काय विचारता? सरकारी रेघ आहे. मी जन्मभर विमा विकला, जावईबापू. लिहिलेलं ते खरं, तोंडी सांगितलेलं ते खोटं. तुम्ही शब्द दिलात तोंडी, आणि रेघ मारलीत ऑइलपेंटनं."

"मग आता काय करायचं म्हणता?"

"उद्या टेम्पो सांगितलाय. जुन्या घरी जातो परत. बुडायचंच आहे तर ओळखीच्या घरात बुडू."

त्या गल्लीचे गणित इंजिनियरने स्वतः केले होते. तिथे पाणी छातीवर थांबणार नव्हते, डोक्यावरून जाणार होते. त्याने पेंटरला गाठून रेघ पुसायला सांगितली, तर पेंटर अभिमानाने म्हणाला, "पुसली जायची नाही, साहेब. पुरात टिकेल असा रंग आण, असं तुम्हीच तर म्हणाला होता." मग इंजिनियरनेच पांढऱ्या रंगाने दोन भिंती झाकून पाहिल्या. तेवढ्यात शेजारी जमले. सासऱ्यांच्या घराची किंमत पडू नये म्हणून अधिकाऱ्याने त्यांचीच आळी आधी झाकायला घेतली, असा बोभाटा झाला, आणि इंजिनियरने ब्रश खाली ठेवला.

दुपारपर्यंत अख्खी टेकडी कामाला लागली. क्लबच्या सेक्रेटरींनी पत्त्यांची टेबले गच्चीत नेली आणि तिथेच डाव मांडला. खालच्या चौकातला वाणी मात्र खुशीत होता. "वर पण छातीइतकंच का?" तो गिऱ्हाइकांना सांगत सुटला. "मग आपण काय वाईट! उगाच इतकी वर्षं मनाला लावून घेतलं."

इंजिनियर घामाघूम होऊन मोठ्या साहेबांपुढे उभा राहिला. मोठे साहेब सगळे ऐकून खुर्चीत मागे रेलले आणि चक्क हसले.

"अहो, हे तर छानच झालं! क्लबवाले इतके दिवस मैदान देत नव्हते. मघाशी सेक्रेटरींचा फोन आला. तलाव कधी खोदताय, म्हणून विचारत होते. उद्या सुनावणी उरकू द्या, मग काय ती रेघ दुरुस्त करा. तोवर तोंडातून ब्र काढू नका."

"साहेब, पण माझे सासरे..."

"सासऱ्यांची समजूत घरी काढा हो. तलाव महत्त्वाचा."

घरी बायकोने जेवताना एकच वाक्य उच्चारले. "अहो, बाबा त्या घरी परत गेले आणि काही झालं, तर मी तुमचं तोंड बघणार नाही." आता तलाव वाचवावा तर सासरे बुडतात आणि सासरे वाचवावेत तर तलाव बुडतो. इंजिनियरला त्या दिवशी जेवण गेले नाही.

दुसऱ्या दिवशी सुनावणीला नगरपालिकेचे सभागृह भरून वाहत होते. एरवी अशा सुनावणीला चार म्हातारे पंख्याच्या वाऱ्याला येऊन बसत. आज टेकडीवाले पुढच्या रांगा अडवून बसले होते. तिसऱ्या रांगेत सासरे, शेजारी सासूबाई आणि इंजिनियरची बायको, आणि बाहेर दारात सामान भरलेला टेम्पो.

क्लबचे सेक्रेटरी उठले. "अध्यक्षबाई, आमची काही हरकत नाही. मैदान घ्या. आजच घ्या. फक्त खोदाई लवकर करा."

टाळ्या झाल्या. मोठ्या साहेबांनी टेबलाखालून इंजिनियरच्या गुडघ्यावर थाप मारली. अध्यक्षबाई लिहून घेऊ लागल्या. तेवढ्यात सासऱ्यांनी घड्याळाकडे पाहिले, सासूबाईंना खूण केली आणि टेम्पोकडे जायला उठले.

इंजिनियर ताडकन उभा राहिला.

"थांबा! बाबा, तुम्हीपण थांबा. टेकडीवरची रेघ चुकीची आहे. चूक माझी आहे. मी पेंटरला रस्ता संपेपर्यंत मार म्हणालो. माझ्या डोक्यावर कपाट होतं."

मोठ्या साहेबांनी त्याचा शर्ट धरून खाली ओढला. शर्टाचे एक बटण तुटले, पण तो बसला नाही.

"म्हणजे आमच्याकडे पाणी येणार नाही?" सेक्रेटरींनी विचारले.

"थेंबभरसुद्धा नाही."

टेकडीवाल्यांनी असा काही सुस्कारा सोडला, की टेबलावरचे कागद हलले. लोक एकमेकांच्या पाठी थोपटू लागले. एका बाईंना तर रडूच आले. मग सेक्रेटरींनी घसा साफ केला. "तसं असेल तर मैदानाबद्दल मी मघाशी जे बोललो..."

"हे खरं कशावरून?" मागून कुणीतरी ओरडले. "काल रेघ खरी होती, आज हा खरा!"

"मी सांगतो कशावरून!"

सासरे बोलत होते. टेम्पोकडे निघालेले ते दारातूनच परत फिरले होते.

"हा माणूस माझा जावई. इतक्या वर्षांत मी त्याला कधी चांगलं म्हटलं नाही, आणि तसं कारणही घडलं नाही. पण भर सभेत, स्वतःच्या साहेबाच्या शेजारी उभं राहून 'मूर्खपणा माझा' असं म्हणणारा सरकारी माणूस मी जन्मात पहिल्यांदा पाहिला. हा खोटं बोलत नाही. आणि स्वतःच्या सासू-सासऱ्यांना कुणी बुडवेल का?"

"बुडवतात की काही जावई!" मागून आवाज आला. सभागृह हसले. सासरेही हसले आणि सरळ सेक्रेटरींसमोर जाऊन बसले. त्यांच्या डोळ्यांत पॉलिसी विकतानाची जुनी चमक आली होती.

"सेक्रेटरीसाहेब, पाणी तुमच्या घरी येणार नाही. ठीक. आजारी पडलात तर दवाखाना कुठंय?"

"खाली. चौकात."

"पेट्रोल पंप?"

"खालीच."

"किराणा, औषधं, मुलांची शाळा? तुमच्या क्लबात चहा करणारा माणूस?"

सेक्रेटरी खाली बसले.

"म्हणजे तुम्ही वर कोरडे बसणार, पण उपाशी आणि बिनचहाचे. पूर घरात शिरला तरच नुकसान होतं, असं थोडंच आहे? संकट दाराशी आलं की कुणी विमा देत नाही, साहेब. आज तुम्हाला धोका नाही, म्हणून हप्ता स्वस्त आहे. फक्त एक मैदान. आणि तेही पावसाळ्यापुरतंच ना हो, जावईबापू?"

"पावसाळ्यापुरतंच," इंजिनियर म्हणाला. "बाकीचे महिने ते मैदानच राहील. अहवालात पहिल्यापासून तसंच लिहिलंय."

"मग हे आधी का नाही सांगितलं?" सेक्रेटरी चिडले.

"पान उघडलंत तर कळेल ना," अध्यक्षबाई म्हणाल्या. "बोला. होय की नाही?"

सेक्रेटरींनी मागे वळून टेकडीवाल्यांकडे पाहिले. एवढ्या मोठ्या संकटातून सुटलेली माणसे फार उदार होतात. "द्या हो, देऊन टाका!" असा गलका झाला. होकार नोंदवला गेला. बाहेर सासऱ्यांनी टेम्पोवाल्याला सांगितले, "वळव. वर." इंजिनियर पायऱ्यांवर मटकन बसला आणि दोन दिवसांत पहिल्यांदाच मोकळा श्वास घेतला. बायकोने येऊन त्याचे तुटलेले बटण त्याच्या हातात ठेवले आणि शेजारी बसली. त्याला फार बरे वाटले.

मग खरी रेघ मारायचे काम निघाले. या वेळी पेंटरसोबत पातळी मोजायचे यंत्र होते. रेघ नदीकाठाने जात जात पूर-जोखीम कक्षापाशी पोहोचली आणि दाराच्या चौकटीच्याही वरून गेली. मोठे साहेब खुर्चीतून मान वर करून तिच्याकडे बराच वेळ बघत राहिले. "ही जरा खाली घेता येईल का?" त्यांनी विचारले. नाही, असे यंत्राने सांगितले. त्याच आठवड्यात साहेबांनी ऑफिससाठी उंचावरची जागा शोधायला घेतली, आणि टेकडीवर तेव्हा रिकाम्या खोल्या एकाच घरात होत्या.

सासऱ्यांनी खालच्या मजल्याच्या किल्ल्या साहेबांच्या हातात दिल्या. साहेबांनी चाचरत विचारले, "इथं पाण्याचा धोका नाही ना?"

"आमच्या जावईबापूंचा शब्द आहे," सासरे म्हणाले. "त्या शब्दावर आम्ही संसार वर आणला, तुम्ही टेबलं आणायला काय हरकत आहे?"

फायलींचा गठ्ठा घेऊन फाटकाबाहेरच्या पायऱ्या चढणाऱ्या इंजिनियरच्या कानावर हे पडले आणि त्याचा ऊर भरून आला. लग्नाला इतकी वर्षे झाली, पण सासऱ्यांच्या तोंडून असे काही तो पहिल्यांदाच ऐकत होता. तो वर पोहोचला. सासरे फाटकाजवळ खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी आधी त्याच्याकडे पाहिले, मग घड्याळाकडे.

"या, जावईबापू. दहाचं ऑफिस ना? आता रोज मी इथंच असतो."