दाजीबा पिसोरीच्या बंदुकीचा परवाना

एका जंगलात, बाळांनो, शस्त्रांचा कायदा फार कडक होता. इतका कडक, की त्याच्यावर पंजा उमटवताना खुद्द सिंहमहाराजांनी दोनदा पाणी मागितलं.

कायदा असा होता: ज्याच्याजवळ शस्त्र, त्याच्याजवळ परवाना. परवाना नसेल तर शस्त्र जमा.

तेव्हा दरबारात कुणीतरी हळूच विचारलं, "महाराज, मग आपली नखं?"

महाराजांनी स्वतःच्या पंजाकडे बराच वेळ पाहिलं. मग कायद्याला एक ओळ जोडण्यात आली. 'नखे, दात, शिंगे, सुळे व विष ही उपजत असल्याने त्यांना सूट आहे.'

वाघ म्हणाला, वा. रानडुक्कर म्हणालं, वा. नागानंही मान डोलावली.

अशी सगळ्यांना सूट देऊन झाल्यावर कायदा लावायला जंगलात एकच शस्त्र उरलं. ती होती दाजीबा पिसोरीची रायफल.

पिसोरी तुम्ही पाहिली नसेल. हरणांतलं सगळ्यात लहान हरीण. सशाहून जरासं मोठं, पाय बोरूसारखे. त्याला शिंगं नसतात, आणि सुळे असून नसल्यासारखे. दाजीबाच्या आजोबांच्या काळी एक शिकारी मचाणावर बसला होता. मचाणाखाली अस्वल येऊन बसलं. शिकारी रायफल तिथेच टाकून झाडाझाडांवरून गेला, तो पुन्हा कुणाला दिसला नाही. रायफल आजोबांना मिळाली. आजोबांनी लगेच जाऊन तिची नोंद केली. हे घराणंच तसं होतं.

त्या एका रायफलीसाठी एक कचेरी होती. कचेरीत एक बगळेसाहेब, दोन गवे हवालदार आणि एक शिक्का. एवढा पसारा कशाला, असं एकदा टिटवीनं विचारलं. तिला उत्तर मिळालं, की गेल्या साली जंगलात एकशे चाळीस जण मारले गेले, पण त्यांतला एकही विनापरवाना शस्त्रानं नाही. यावरून कचेरीचं काम दिसतं.

दाजीबाला रायफल वापरायला कुणी शिकवलं नव्हतं. तो आपला आपणच शिकला. दर रविवारी सकाळी तो ती उलगडून पानांवर मांडायचा. गजाला चिंधी गुंडाळून नळीतून सारायचा. पहिली चिंधी काळी निघायची, दुसरी करडी, तिसरी पांढरी. तिसरीही करडी निघाली तर चौथी. मग तेलाचं बोट, दस्त्याला जवसाचं तेल, आणि शेवटी वहीत नोंद: 'रविवार. तीन चिंध्या. गंज नाही.'

वर्षाला दहा काडतुसं मिळत. रिकामी टरफलं परत दिल्याशिवाय नवी मिळत नसत. पावसाळ्याचे दोन दमट महिने सोडून दाजीबा महिन्याला एक काडतूस झाडायचा. ओढ्याकाठच्या कुंभ्याच्या झाडाचं एक पान नेमात धरायचा, श्वास सोडायचा, अर्धा राखायचा, आणि चाप दाबायचा. पान देठासकट जायचं. तीही नोंद व्हायची. नऊ वर्षांत नव्वद काडतुसं, नव्वद पानं.

ओढ्याच्या पलीकडे लांडगा राहायचा. तो अधूनमधून काठावर यायचा. समोरच्या करवंदीच्या जाळीकडे बघायचा. त्या जाळीत दाजीबा, त्याची बायको ताराक्का आणि तीन आठवड्यांची मुलगी बकुळ राहत. मग लांडगा कुंभ्याच्या झाडाकडे बघायचा. कुठलं पान गेलंय ते शोधायचा. आणि परत जायचा.

असं सगळं छान चाललं होतं. पण परवान्याची मुदत संपत आली, आणि यंदा अर्जात एक नवा रकाना आला.

"गेल्या मुदतीत तुमच्यावर हल्ला झाला?" बगळेसाहेबांनी एका पायावर उभ्या उभ्या विचारलं.

"नाही, साहेब."

"मग रायफल कशाला हवी?"

"रायफल आहे म्हणून हल्ला झाला नाही, साहेब."

"म्हणजे धोका नाही."

"रायफल आहे तोवर नाही."

"मी तेच म्हणतोय. धोका नाही. तसं लिहू का?"

"नका लिहू," दाजीबा घाईनं म्हणाला. "धोका आहे. ओढ्यापलीकडच्या लांडग्याचा."

"तोंडी चालत नाही. दाखला आणा."

"कुणाचा?"

"ज्याच्यापासून धोका आहे त्याचा. त्याच्याइतकी खात्रीची माहिती दुसऱ्या कुणाला असणार? गुरुवारी सुनावणी आहे, दाखला देणाऱ्यालाही बरोबर आणा. तुमची मुदत आज संपते, तेव्हा तोवर रायफल इथे जमा करा."

दुसरा एखादा असता तर म्हणाला असता, उद्या आणतो. आणि ती खांद्यावर घेऊनच जंगलभर फिरला असता. दाजीबा तिथल्या तिथे खांद्यावरची रायफल उतरवून मोकळा झाला. पावती घेतली. "रविवारी चिंधी फिरवायला विसरू नका," एवढं मात्र त्यानं हवालदारांना दोनदा बजावलं. गवे रवंथ करत होते.

घरी ताराक्कानं सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे आता तुम्ही लांडग्याच्या घरी जाणार. बिनबंदुकीचे. आणि त्याला सांगणार, बाबा रे, तू मला खाणार आहेस असं लिहून दे."

"नियम तसा आहे गं."

"मग जेवून जा. उपाशी गेलात तर त्याला नुसती हाडंच मिळतील, आणि नावं मला ठेवेल."

"तारा, थट्टा काय करतेस?"

"थट्टा नाही करत, अहो. पोरगी तीन आठवड्यांची आहे. तिला घेऊन मी कुठे पळू, तेवढं सांगून जा."

दाजीबानं ताट पुढे ओढलं. तो जेवला आणि गेला.

लांडगा घरीच होता. दाजीबाला दारात बघून तो उठून उभाच राहिला.

"या, या दाजीबा! आज इकडे कुठे वाट चुकलात? आणि बंदूक कुठाय?"

"कचेरीत जमा आहे. ही पावती."

लांडग्यानं पावती उलटी धरून नीट पाहिली. मग दाजीबाकडे नीट पाहिलं. "म्हणजे आत्ता मी तुम्हाला खाल्लं तर?"

"तर अर्जच निकालात निघेल. अर्जदार हयात लागतो." दाजीबानं कागद सरळ पुढे धरला. "तुमची सही हवी होती, लांडगोबा. इथे, खाली."

"माझी सही चालेल?"

"तुमचीच लागते."

लांडग्याला आजवर पुष्कळ जणांनी पुष्कळ काही मागितलं होतं. जीव मागितला होता, दया मागितली होती. सही कुणी मागितली नव्हती. त्याची छाती थोडी फुगली.

"काय लिहायचं?"

"जे खरं असेल ते."

लांडगा सांगत गेला, दाजीबा सुवाच्य अक्षरात लिहीत गेला. 'मी, खाली पंजा करणार, लिहून देतो, की दाजीबा पिसोरी, त्यांची पत्नी व कन्या यांना खाण्याची माझी फार दिवसांची इच्छा असून केवळ रायफलीमुळे ती राहून गेली आहे.' 'कन्या' या शब्दाशी दाजीबाची पिसाची लेखणी अडखळली. पण खाडाखोड चालत नाही म्हणून त्यानं तो पूर्ण केला.

लांडग्यानं पंजा उमटवला. तो अडाणी होता, पण बिनडोक नव्हता. आज एक खाऊन उद्या वाद घालण्यापेक्षा ती रायफल कायमची कुठे अडकते का बघावं, मग तिघंही आपलीच. "गुरुवारी येतो," तो म्हणाला.

गुरुवारी सुनावणी झाली. बगळेसाहेबांनी दाखला वाचला आणि तोंडभरून स्तुती केली. इतका स्पष्ट दाखला त्यांच्या कारकिर्दीत आला नव्हता.

"आणखी काही पुरावा?"

दाजीबानं मोठ्या अभिमानानं आपली वही पुढे केली. रायफल आपण किती जपतो हे साहेबांना दिसावं, एवढाच त्याचा हेतू.

साहेबांनी वही पहिल्या पानापासून वाचायला घेतली. बराच वेळ वाचली. वाचता वाचता त्यांनी पाय बदलला.

"नव्वद गोळ्या झाडल्यात?"

"हो, साहेब."

"नव्वदही लागल्या?"

"हो, साहेब."

"आणि या नऊ वर्षांत लांडगोबांनी तुमच्यावर किती हल्ले केले?"

"एकही नाही."

बगळेसाहेब लांडग्याकडे वळले. "आणि या दाजीबांविषयी तुम्हाला काय वाटतं?"

लांडगा आयुष्यात पहिल्यांदाच अगदी मनापासून बोलला. "खरं सांगू, साहेब? मला यांची फार भीती वाटते. महिन्यातून एकदा आवाज येतो, तेव्हा दोन दिवस जेवण जात नाही."

"मग धोका कुणाला आहे?" असं म्हणून साहेबांनी वही मिटली.

निकाल तिथल्या तिथे लागला. एक बाजू निःशस्त्र आणि घाबरलेली, दुसरी बाजू नव्वदपैकी नव्वद. रायफलीचा परवाना धोक्यात असलेल्या पक्षाच्या, म्हणजे लांडग्याच्या नावे करण्यात आला. शिक्का बसला. एका गव्यानं रायफल आणून लांडग्याच्या गळ्यात अडकवली. दुसऱ्यानं परवान्याची चोपडी रायफलीच्या पट्ट्यात खोचली.

"रविवारी चिंधी फिरवली नाहीत," दाजीबा नळीत डोकावून हळूच म्हणाला. 

बाहेर आल्यावर लांडगा म्हणाला, "चला दाजीबा, घरी जाऊ. तुमच्या घरी."

दोघं निघाले. पुढे दाजीबा, मागे लांडगा. पळून उपयोग नव्हता. लांडग्याला जाळीची वाट नऊ वर्षं पाठ होती. लांडगा खुशीत होता. वाटेत गंमत म्हणून त्यानं विचारलं, "या चोपडीत काय काय लिहिलंय हो? आता माझ्या नावाची आहे ती."

"अटी आहेत," दाजीबा म्हणाला. "परवानाधारकाला त्या माहीत असाव्या लागतात."

"सांगा की. वाट सरेल."

बाळांनो, दाजीबाला त्या बेचाळीसही अटी तोंडपाठ होत्या. तो पहिलीपासून सांगू लागला. अट पहिली, परवाना जवळ बाळगणे. अट दुसरी, शस्त्र दुसऱ्यास न देणे. अट तिसरी, शस्त्र ताब्यात आल्या दिवशीच, कचेरी बंद होण्याआधी, नळी साफ करून साहेबांना दाखवणे. लांडगा हूं हूं करत होता. त्याचं लक्ष नव्हतं. अट नववीला ते बांबूच्या बेटातून गेले. दर सोमवारी हजेरी. अट तेरावीला त्यांनी ओढा ओलांडला. अट चौदावी, ओढा ओलांडण्यापूर्वी लेखी कळवणे.

अट पंधरावीला समोर करवंदीची जाळी आली. आणि बापाचा आवाज ऐकून बकुळ बाहेर आली.

ती जाळीच्या तोंडाशी उभी राहिली. लांडग्यापासून तीन उड्यांवर. आतून ताराक्का ओरडली, "बकुळे, मागे ये!" पण बकुळला मागे म्हणजे कुठे ते अजून नीट कळत नव्हतं.

लांडग्यानं पोट जमिनीला टेकवलं.

दाजीबाला त्याच्यावर झेप घेता आली असती, तर त्यानं घेतली असती. पण पिसोरी झेप घेते ती उलट दिशेला. त्याच्या तोंडात अटी होत्या, त्याच बाहेर येत राहिल्या. 

"अट सोळावी, काडतुसे शस्त्रापासून वेगळी ठेवणे. अट सतरावी, वरीलपैकी कोणत्याही अटीचा भंग झाल्यास परवानाधारकाची सर्व शस्त्रे, उपजत धरून, जमा करण्यात येतील. अट अठरावी..."

लांडगा अर्धवट उठला होता, तो तसाच थांबला. "मागची पुन्हा म्हणा."

"अट सतरावी. सर्व शस्त्रे, उपजत धरून."

"उपजत म्हणजे?"

"दात. नखं."

"आम्हाला सूट आहे!"

"परवाना नसलेल्यांना आहे. तुम्ही आता परवानाधारक." दाजीबाच्या घराण्यात या अटीनं जाण्यासारखं काही नव्हतं, म्हणून तीन पिढ्या तिच्याकडे कुणी पाहिलं नव्हतं. त्यानंही ती आज पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखी ऐकली.

"मी कुठे काय मोडलंय?"

"न कळवता ओढा ओलांडलात, ती चौदावी. नळी अजून दाखवली नाहीत, ती तिसरी."

लांडग्याला ते दोन गवे आठवले. त्याची जीभ नकळत दातांवरून फिरली.

"कचेरी कधी बंद होते?"

दाजीबानं सूर्याकडे पाहिलं. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती. "आत्ता पळालात तर गाठाल. अट अठरावी, पहिल्या दिवशीचा भंग त्याच दिवशी कळवल्यास माफ."

लांडग्यानं बकुळकडे पाहिलं. सूर्याकडे पाहिलं. पुन्हा बकुळकडे पाहिलं. मग तो जो सुटला, तो वाटेत चोपडी पडली म्हणून परत आला, ती तोंडात धरली आणि पुन्हा सुटला. गळ्यातली रायफल त्याच्या गुडघ्यांवर आपटत होती.

त्या दिवसापासून लांडगा सोमवारी हजेरीला असतो. मंगळवारी टरफलं मोजून देतो. बुधवारी ओढा ओलांडण्याचा अर्ज करतो, तो गुरुवारी त्रुटी काढून परत येतो. रविवारी चिंधी. त्याच्या हातून ती नळीतच अडकते, म्हणून शनिवारपासूनच बसावं लागतं. रायफल परत करायचाही अर्ज त्यानं दिला होता. पण त्याला धोका असल्याचं कचेरीनंच ठरवलेलं असल्यानं तो नामंजूर झाला.

बकुळ आता ओढ्यावर एकटी पाणी प्यायला जाते. परवा ताराक्काला पलीकडच्या वाटेनं लांडगा जाताना दिसला. बरगड्या मोजाव्यात इतका खंगलेला, काखेत कागद.

"अहो, काही खात नाही वाटतं हा."

"वेळ कुठाय त्याला," दाजीबा म्हणाला.

तात्पर्य: वैऱ्यावर बंदूक कधी रोखू नये. ती रीतसर त्याच्या नावावर करून द्यावी.