दत्ताभाऊ आणि जुन्या घाटाचे माइक

आमचे शेजारी दत्ताभाऊ नागवेकर माणसाची पारख त्याच्या 'प'वरून करतात. आम्ही मांडवीत राहायला आलो त्याच आठवड्यात मी त्यांच्या दारात जाऊन विचारलं होतं, "भाऊ, इथे पाणी किती वाजता येतं?" माझ्याकडे दुःखाने बघत ते म्हणाले, "फुटला."

"काय फुटलं?"

"प फुटला, वहिनी. तोंडासमोर तळहात धरा. आता म्हणा, पाणी. वारा लागला ना हाताला? हा वारा माइकात शिरला की फाट्‌कन वाजतं आणि मागच्या रांगेतली म्हातारी माणसं दचकतात. वारा न सोडता म्हणा बघू."

मी त्यांच्या पायरीवर उभी राहून पाणी, पाणी म्हणत राहिले. शेवटी एकदाची त्यांनी मान डोलावली. "आता कसं! पाणी ना? ते मघाशीच येऊन गेलं."

दत्ताभाऊंचा लाऊडस्पीकर भाड्याने द्यायचा धंदा होता. लग्न, सत्यनारायण, नाटक, निवडणूक, सगळीकडे त्यांचे कर्णे वाजायचे. पुढे गाड्यांवर भिंतीएवढे स्पीकर चढवून छातीत धडकी भरवणारे लोक आले, तेव्हा भाऊंनी दुकान बंद केलं. "तो आवाज नाय, तो धक्का आहे," एवढंच म्हणाले. त्यांचा सगळ्यात लाडका माइक मात्र दुकान बंद व्हायच्या आधीच गेला होता. चांगला मुठीएवढा, चकचकीत, पुढे बरगड्यांसारख्या उभ्या पट्ट्या असलेला. मांडवीच्या जेटीवर एक कार्यक्रम होता. प्रमुख पाहुणे समुद्राकडे हात करून "हा आपला अथांग सागर" असं म्हणाले, आणि त्या हाताने माइक अथांग सागरात गेला. भाऊंना अजून त्याचं दुःख आहे. पाहुण्यांचं नाव त्यांना आठवत नाही, पण "अथांगमधला थ बरा होता" हे आठवतं.

भाऊंनी लग्न केलं नाही. घरात ते आणि त्यांची थोरली बहीण, आक्का. आक्का पहाटे बोलायला लागायची ती दिवा मालवेपर्यंत. "दत्या, ही वायर उचल. दत्या, ते मासे बघ, मांजर बघतंय. दत्या, ऐकतोस ना रे?" भाऊ कपाळाला हात लावून आमच्याकडे बघायचे. "हिला बटण नाय ओ वहिनी, देवाने बटणच बसवलं नाय." मागच्या वर्षी आक्काच्या गुडघ्यांनी संप केला आणि तिचा मुलगा तिला ठाण्याला घेऊन गेला. भाऊ तिला गाडीत बसवून परत आले आणि गेटातच मला म्हणाले, "सुटलो. आता जरा शांतता."

ती शांतता त्यांनी महिनाभर भोगली असेल. मग कोपऱ्यावरच्या वाण्याच्या दुकानात एक पुठ्ठा लागला. भाऊंच्या ठळक अक्षरात लिहिलं होतं, 'जुन्या घाटाचे माइक घरी करू या. रोज दुपारी चार. चहा मिळेल. अनुभवाची अट नाही.'

आम्ही चौघं गेलो. मी शेजारधर्म म्हणून. पावसकर सर, निवृत्त गणिताचे शिक्षक, चूक काढायला. सदू मयेकर, होड्यांची लाकूडकामं करणारा, चहा मिळेल म्हणून. आणि पलीकडच्या गल्लीतली रेहाना, जिचा नवरा कुवेतला आहे आणि जिला दुपार खायला उठते.

भाऊंनी आम्हाला पडवीत बसवून भाषण दिलं. "आवाज काय, कावळापण काढतो. आवाजाला राहायला घर लागतं. आतला जीव, म्हणजे आवाज पकडणारी टिकली, ती आजचीच घालायची, बाजारात मिळते ती. घर आपण बांधायचं. घरातल्याच वस्तूंचं. घरासाठी विकत काय आणायचं नाय."

पुढचे दीड-दोन महिने आमच्या घरांतून वस्तू नाहीशा होऊ लागल्या. मी स्टीलचा जुना डबा आणि चहाची गाळणी नेली. सदूने फणसाच्या लाकडाचा तुकडा आणला आणि तो इतका सुंदर तासला की माइक आहे की देव, कळेना. पावसकर सरांनी आधी चार दिवस कागदावर आकृती काढली आणि मग नारळ किसायची पत्र्याची किसणी वाकवली. त्यांचा माइक ओठांजवळ न्यायची हिंमत कुणाला होईना. रेहानाने तिच्या आजीचं पितळी पानदान आणलं. त्याच्या झाकणावर नाजूक नक्षी होती. ते बघून भाऊंनी चष्मा काढून पुसला. "याला भोकं पाडायची म्हणजे जिवावर येणार माझ्या," ते म्हणाले.

भाऊ मोठे कडक. चहा पिताना फुरका मारला तर "फीडबॅक!" म्हणून ओरडायचे. सदूची विडी पडवीबाहेर. सरांनी "परिमाण" म्हटलं की तळहात. तरी आम्ही जात राहिलो. चार वाजले की माझे पाय आपोआप चपलांकडे वळायचे.

मग एक दिवस सरांनी घोटाळा केला. खिशातून मोबाइल काढून ते म्हणाले, "दत्ताराम, रागावू नकोस. पण यात असतो त्या माइकची किंमत काडीएवढी, आणि आवाज आपल्यापेक्षा स्वच्छ. मग हा खटाटोप नेमका कशासाठी?"

भाऊ पट्टी घासत होते. घासायचे थांबले. "बरोबर आहे तुमचं," म्हणाले, आणि आत निघून गेले.

दुसऱ्या दिवशी पडवीचं दार बंद. त्याच्या दुसऱ्या दिवशीही बंद. सर माझ्याकडे येऊन बसले. "मी काय खोटं बोललो का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "नाही हो सर. पण खरं बोलायची काय घाई होती?"

शेवटी रेहाना गेली. मी तिच्या मागे उभी होते. तिने कडी वाजवली आणि बाहेरूनच ओरडली, "काका, माझ्या पानदानाला अर्धीच भोकं पडलीत. ना ते आता पान ठेवायच्या कामाचं, ना बोलायच्या. दादीला मी काय तोंड दाखवू?"

आतून आवाज आला, "दादी आहे का तुझी?"

"नाय. तरीपण."

दार उघडलं. भाऊंनी दाढी केली नव्हती. रेहानाच्या हातातलं झाकण घेऊन ते उजेडात धरून बघत म्हणाले, "चहा टाका कुणीतरी." तेवढ्यात सर मागून आले. त्यांच्या हातात चकल्यांचा डबा होता. सरांनी डबा पुढे केला, भाऊंनी चकली घेतली, आणि काम सुरू झालं.

वाचनालयाच्या अंगणात आम्ही एक छोटा कार्यक्रम केला. प्रत्येकाने आपल्या माइकवर चार शब्द बोलायचे. भाऊ मशीनपाशी बसले होते, मुलीच्या लग्नात बाप बसतो तसे. सदूला बोलायला काही सुचेना, म्हणून त्याने होडीला काय काय लाकूड लागतं ते सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सर किसणीपासून जपून हातभर लांब उभे राहून बोलले. रेहानाने पानदानावरून नवऱ्याला निरोप दिला. भाऊंनी तो रेकॉर्ड करून कुवेतला पाठवला. रात्री त्याचा फोन आला, "कुठून बोललीस गं? मला वाटलं, उशाशी बसून बोलतेस." हे रेहानाने भाऊंना सांगितलं तेव्हा ते उगाच वायर गुंडाळत बसले. गुंडाळलेली सोडून परत गुंडाळली.

दुसऱ्या दिवशी भाऊंनी ज्याचा त्याचा माइक ज्याच्या त्याच्या हवाली केला. काम संपलं होतं. चार वाजता मी गॅलरीतून बघितलं, पडवीत सतरंजी अंथरलेली होती आणि तिच्यावर कोणी नव्हतं.

आठवडाभरात भाऊ गेटापाशी आले. "वहिनी, तुमच्या माइकात खरखर होती, त्या दिवशी ऐकली मी. आणून द्या." मी दिला. मग कळलं की सदूच्या माइकची वायर आखूड होती आणि रेहानाचा आवाज एका बाजूने कमी येत होता. दुरुस्तीच्या निमित्ताने पुन्हा चहा झाला. सगळे माइक ठीक होऊन घरी गेले. चार दिवसांनी भाऊंनी रेहानाचा परत मागवला.

एका दुपारी मी आंबोशीचं लोणचं द्यायला मागच्या दाराने त्यांच्याकडे गेले. खिडकीतून भाऊ दिसले. समोर पानदान उघडं पडलेलं. त्यांनी त्यात फुंकर घातली. बाजूच्या स्पीकरमधून फुंकर स्वच्छ ऐकू आली. माइक छान चालू होता. मग भाऊंनी तापलेली सोल्डरिंगची काडी उचलली, आतल्या एका वायरच्या टोकाला हलकेच लावली आणि वायर सुटी करून टाकली. पुन्हा फुंकर घातली. आता काही ऐकू आलं नाही. मग ते उठले आणि फडताळातून आमचे सगळ्यांचे कप काढून एकेक पुसायला लागले.

मी चार पावलं मागे गेले, चपला जोरात वाजवल्या आणि हाक मारली.

"या या वहिनी," भाऊ म्हणाले. "बरं झालं आलात. रेहानाचा पुन्हा बंद पडला बघा. उद्या सगळ्यांना बोलवायला लागणार."

"माझाही जरा बिघडलाय," मी म्हटलं.

"तुमचा? तुमचा तर मी आत्ताच..." ते थांबले. माझ्या हातातली लोणच्याची बरणी घेऊन ते झाकण उघडून बघत राहिले. "बरं. आणा. बघू या."

संध्याकाळी मी सरांना फोन केला आणि जे बघितलं ते सांगितलं. सर "अस्सं," म्हणाले आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी चारला सर सगळ्यांच्या आधी हजर होते. त्यांनी किसणी भाऊंच्या पुढ्यात ठेवली. "दत्ताराम, हाही गेला. वायर तुटली. आपोआप."

भाऊंनी वायरचं टोक बोटात धरलं. कात्रीने कापलेलं टोक होतं, सरळ, गणिताच्या मास्तरांनी कापावं तसं. भाऊ ते टोक बघत राहिले, मग सरांकडे बघितलं.

"होतं असं कधी कधी," ते म्हणाले, आणि चहा टाकायला आत गेले.